'गल्फ स्ट्रीम'ची प्रत: एका बोर्ड रंगवणाऱ्याच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

गेली २२ वर्षं मी बोर्ड रंगवतो. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतींवरचे सुविचार, जत्रेचे कापडी फलक आणि बोटींची नावं. फ्लेक्स आल्यापासून पाट्या संपल्या. बोटी तेवढ्या राहिल्या. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावरच्या होड्या आणि शापोऱ्याच्या जेटीवरचे ट्रॉलर यांच्यावर अजून नाव हातानेच घालून घेतात. जून लागला की तेही काही दिवस थंड असतं, म्हणून यंदाच्या पावसात तैलरंग शिकायचे असं ठरवलं.

शिकवायला कोणी नाही. एक चित्र निवडून ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढीच पद्धत. स्वतःच्या मनातलं चित्र काढलं तर काय चुकलं तेच कळत नाही. प्रत करताना उत्तरपत्रिका शेजारीच ठेवलेली असते.

चित्र आहे विन्सलो होमर या अमेरिकन चित्रकाराचं 'द गल्फ स्ट्रीम', १८९९ सालचं. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि म्युझियमच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतं. डोलकाठी मोडलेली, सुकाणू गेलेली एक मासेमारीची होडी. तिच्यावर कोपरावर रेललेला एकटा कृष्णवर्णीय माणूस. खायला उसाची थोडी कांडं. भोवती मोऱ्या, म्हणजे शार्क मासे. उजवीकडे समुद्रातून आभाळाला भिडलेला पाण्याचा खांब. डावीकडे क्षितिजावर शिडाचं एक जहाज आहे, पण त्याचं तिकडे लक्ष नाही.

खरं सांगायचं तर होडी बघूनच निवडलं. बाकी काही जमलं नाही तरी होडी जमेल, असा हिशेब. तो कसा फसला ते पुढे येईलच.

१४ जून

पहिला खड्डा. पणजीहून तयार कॅनव्हास आणला, २४ × ३६ इंच, ९५० रुपये. घरी येऊन मग चित्राचं माप बघितलं: ७१.४ × १२४.८ सेंटिमीटर. म्हणजे उंचीच्या पावणेदोनपट रुंदी. माझा कॅनव्हास दीडपट. बाजू कापून बसवावं म्हटलं तर एकीकडे जहाज जातं, नाहीतर दुसरीकडे पाण्याचा खांब. दाबून बसवलं तर मोऱ्या बेडकांसारख्या दिसतात (काढून बघितलं).

२४ ला पावणेदोनने गुणलं की ४२. तेव्हा २४ × ४२ हवा, आणि तो तयार मिळत नाही. आधी माप बघा, मग दुकानात जा. पाटीचं काम घेताना मी पहिली टेप काढतो, आणि इथे विसरलो.

२२ जून

सुतार मेस्ताकडून फ्रेम करून घेतली, ८०० रुपये. कॅनव्हासचं सुती कापड ६५० चं. फ्रेम ताणून भिंतीला टेकवली आणि दुसऱ्या दिवशी एक कोपरा भिंतीपासून बोटभर वर. पावसाळ्यात लाकूड ओलंच असणार, ते कोणाला विचारायची गरज नव्हती. कापड सोडवलं, मेस्ताने मध्ये एक आडवी पट्टी आणि चारही कोपऱ्यांना तिरके तुकडे मारून दिले. पुन्हा ताणायच्या आधी दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही ४८ इंच ३ सूत आले तरच चौकट काटकोनात आहे. एक ४८ आणि दुसरा ४९ येत असेल तर पुढे सगळी जाळी तिरपी जाणार.

कापडावर अस्तर म्हणून घरातला लाकडाचा पांढरा प्रायमर मारायचा विचार होता. हातभर तुकड्यावर मारून बघितला, वाळल्यावर कापड दुमडलं, आणि पापडासारखी भेग गेली. लाकडावर चालतो कारण लाकूड वाकत नाही. मुकाट्याने जेसो आणला, ५४० रुपये. तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. या हवेत एक हात वाळायला अख्खा दिवस गेला.

२९ जून

जाळी. हे माझं रोजचं काम, त्यामुळे दोन तासांत उरकलं. ३ इंचांचे चौकोन, आडवे १४, उभे ८. छापील चित्रावर तेवढेच चौकोन आणि मग एकेक चौकोन नजरेने उतरवायचा. शिसपेन्सिलीने दाबून काढू नका, पांढऱ्या रंगातून काळी रेघ नंतर वर येते. मी पातळ बर्न्ट अंबर आणि बारीक ब्रश वापरला.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तिच्यात आहे. माझ्या हाताला रेघ स्वच्छ लागते. बोर्डाच्या धंद्यात अक्षराची कड जिथे संपते तिथे ती सुरीने कापल्यासारखी संपली पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक पैसे देत नाही. रेखाटन झाल्यावर मी लांब जाऊन बघितलं आणि मनात म्हटलं, वा. आज कळतं की तेव्हाच चुकलो होतो.

६ जुलै

खालचा थर, फक्त बर्न्ट अंबर आणि भरपूर टर्पेंटाइन. तेल अजिबात नाही. नियम सोपा आहे: खाली कोरडं, वर तेलकट. उलट केलं तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. अंबर निवडायचं कारण म्हणजे त्यात मँगनीज असतं, त्यामुळे ते लवकर वाळतं. तीन दिवसांत बोटाला लागेनासं झालं, तेसुद्धा भर पावसात.

चार तास लागले. आतापर्यंतचा सर्वांत सुखाचा दिवस.

३१ जुलै

मधले तीन आठवडे चित्राला हात नाही. मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, आणि जुलैच्या शेवटी सगळ्यांना एकदम आठवतं की बोटीचं नाव पुसट झालंय. अकरा बोटी केल्या. शेजारच्या मामांचीही केली, तिचे पैसे घेतले नाहीत. घेतले असते तर मामी वर्षभर बोलली असती.

परवा कॅनव्हास भिंतीपासून ओढला तर मागच्या बाजूला हिरवट-काळी बुरशी. चिऱ्याची भिंत पावसात घाम गाळते हे जन्मापासून बघतोय, तरी कॅनव्हास तिलाच टेकवून ठेवला. कोरड्या ब्रशने बुरशी बाहेर नेऊन झाडली, मग दोन दिवस मागून दिवा लावून ठेवला. जुन्या पद्धतीचा, तापणारा. सध्या कॅनव्हास खोलीच्या मधोमध दोन खुर्च्यांवर उभा आहे, मागेपुढे हवा. घरच्यांना टीव्ही दिसत नाही. त्याबद्दल वेगळी नोंद करत नाही.

१० ऑगस्ट

नुकतीच नारळी पौर्णिमा झाली. आज आकाश. मूळ चित्रात वर करडं-निळं, खाली क्षितिजाजवळ उजळ. दुकानातून काढून आणलेली १५० रुपयांची रंगीत प्रिंट समोर ठेवून रंग जुळवला. पाच तास. खूष.

रात्री फोनवर मूळ चित्र उघडलं तर माझं आकाश जांभळं. प्रिंटच जांभळी होती. मी इमानदारीने चुकीच्या गोष्टीची बरोबर प्रत केली होती.

यावर केलेला उपाय. रंगाला प्रिंटवर विश्वासच ठेवायचा नाही. फोन उजेडात एका ठिकाणी स्थिर ठेवायचा, त्याची चमक रोज तेवढीच, आणि स्क्रीनवर पारदर्शक प्लास्टिक धरून त्यावर रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका चित्रात विरघळला की रंग बरोबर. विरघळला नाही तर अजून मिसळा. प्लास्टिक म्हणजे शर्टाच्या खोक्याचं झाकण, फुकट. शिवाय चित्राची काळी-पांढरी प्रिंट काढून आणली, तिचा उपयोग नंतर खूप झाला.

१७ ऑगस्ट

जांभळ्या आकाशावर बरोबर रंग चढवायचा तर खालचा वाळायला हवा. सात दिवस झाले. बोट टेकवलं तर चिकट. टिटॅनियम व्हाइट सावकाश वाळतो हे माहीत होतं. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं, म्हणून पंखा लावून हवा खेळती ठेवली. थांबतो.

२४ ऑगस्ट

अजून चिकट. पण सगळीकडे नाही. क्षितिजाजवळचा पट्टा कडक झालाय, वरचा डावीकडचा हातभर भाग गुळाच्या पाकासारखा. एकच ट्यूब, एकच दिवस, एकच तेल. कोडं आहे.

बुधवारी चवथ. खोली सारवण-सफाईसाठी रिकामी करायची, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची. कॅनव्हास माळ्यावर गेला, चिकट बाजू वर करून, वर दोन बांबू आडवे टाकून त्यावर चादर. चादर रंगाला लागू नये ही काळजी घेतली. माळ्यावर उंदीर आहेत ही घेतली नाही.

७ सप्टेंबर

उंदीर चिकट भागावरून चालून गेला आहे. चार पायांचे ठसे, एकदम स्पष्ट, माझ्या मोऱ्यांपेक्षा चांगलं रेखाटन. थोड्याच दिवसांत माळ्याच्या अंधारात पांढरा रंगही जरा पिवळट वाटायला लागला. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. उजेडात ठेवलं की बरंचसं परत येतं, हे खरं निघालं. आठ दिवस खिडकीशी ठेवल्यावर फरक पडला.

आणि कोडं सुटलं. सुटलं ते स्वयंपाकघरात. बायको तव्याला खोबरेल लावत होती आणि मी तिच्याकडे बघत उभा राहिलो.

बोर्डाच्या कामात संध्याकाळी ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायचा, केस सरळ करायचे आणि थोडं खोबरेल चोळून ठेवायचा. केस मऊ राहतात, उरलासुरला इनॅमल गाठी धरत नाही. सकाळी थिनरमध्ये दोनदा बुचकळला की तेल गेलं. २२ वर्षांची सवय. तैलरंगासाठी घेतलेल्या नव्या मोठ्या ब्रशलाही मी तेच केलं, आणि थिनरचा वास घरात नको म्हणून सकाळी नुसता फडक्याने पुसला. जवसाचं तेल वाळतं. खोबरेल वाळत नाही, कधीच नाही. ब्रशमधलं जेवढं आकाशात गेलं तेवढं आकाश कायमचं चिकट राहिलं. डावीकडे वर जास्त, कारण मी काम तिथून सुरू केलं होतं. क्षितिजापर्यंत येता येता ब्रश स्वच्छ झाला होता.

त्यामुळे तो भाग वाळायची वाट बघणं म्हणजे आटलेल्या म्हशीची धार काढायला बसणं. पॅलेट नाइफने खरवडला, टर्पेंटाइनच्या फडक्याने खालच्या अंबरपर्यंत पुसला. अंबर हललं नाही. पहिला थर नीट वाळू दिला त्याचं फळ.

आता ब्रश टर्पेंटाइन, मग साबण आणि कोमट पाणी, मग उघड्यावर. खोबरेल डोक्याला. आणि एक सांगायलाच हवं: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मी दोरीवर पसरून वाळवतो, मग टाकतो.

वाया गेलेला वेळ: चार आठवडे, कामाचे सुमारे नऊ तास.

१४ सप्टेंबर

आकाश पुन्हा. तीन तासांत झालं. पहिल्यांदा पाच लागले होते. दुसऱ्यांदा लवकर होतं, एवढाच त्यातला फायदा.

नंतर समुद्र सुरू केला आणि प्रशियन ब्लूने धडा शिकवला. सवयीने बोटाच्या पेराएवढा काढला. सगळं पॅलेट निळं, ब्रश निळे, दाराची कडी निळी. पुढच्या वेळी मोहरीएवढा, तोही दुसऱ्या रंगात टोकाने घ्यायचा. मोठ्या भागाला अल्ट्रामरीनच बरा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काम बुडवून पणजीला गेलो. फोंताइन्हासमध्ये फुंदासांव ओरिएंते या पोर्तुगीज संस्थेच्या घरात आंतोनियो शाव्हियेर त्रिनदाद यांच्या चित्रांचा संग्रह आहे. सांग्यात १८७० साली जन्मलेला माणूस, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला, तिथेच शिकवलं, १९३५ मध्ये गेला. आपल्या राज्यात या तोडीचे तैलरंग टांगलेले आहेत आणि मी ५४ वर्षांचा होईपर्यंत पायरी चढलो नव्हतो.

मला माणसं बघायची नव्हती, रंग कुठे जाड आणि कुठे पातळ ते बघायचं होतं. नाक जवळजवळ लावून बघितलं. तिथला माणूस दोनदा खाकरला. उजेडात रंग जाड, सावलीत इतका पातळ की खालचं कापड जाणवतं. आणि सावलीकडचा गाल कुठे संपतो नि मागचा अंधार कुठे सुरू होतो, ते दोन वितींवरून सापडतच नाही. चार पावलं मागे आलो की गाल जागेवर. रेघ नव्हतीच, तरी दिसत होती.

परत येताना बसमध्ये मला माझी होडी आठवली आणि पोटात गोळा आला.

५ ऑक्टोबर

आज मामा आले होते. मूळ चित्र त्यांनी कधी पाहिलेलं नाही. मी मुद्दाम दाखवलं नाही. माझी होडी तोवर पूर्ण झाली होती: फळ्या, कडा, मोडलेल्या डोलकाठीचा बुंधा, दोर. मामा जन्मभर समुद्रावर. ते पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग लाटेवर बोट ठेवून म्हणाले,

"हें उदक न्हय रे. जाजम."

मी म्हटलं, "पाण्याचं नंतर बघू मामा, होडीचं सांगा."

"होडीचंच सांगतो. तू ती जाजमावर ठेवलीस. होडी पाण्यावर नसते, पाण्यात असते. ही उचलून घरी नेता येईल."

ते गेल्यावर फोनवर मूळ चित्र शक्य तेवढं मोठं करून बघितलं. होडीचं अंग पाण्याला मिळतं त्या ठिकाणी होमरने रेघ कुठेच सलग ठेवलेली नाही. कुठे लाट फळीवर चढते, कुठे फळीची सावली लाटेत उतरते, एका जागी तर लाकूड आणि पाणी एकाच रंगाचे आहेत. माझ्याकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अखंड, स्वच्छ, सुरेख कड. दुकानाच्या पाटीला शोभली असती.

माझ्या खात्रीची वस्तू होडी होती, आणि सर्वांत खोटी तीच निघाली. बोटी मला माहीत आहेत म्हणून मी चित्रात बघितलंच नाही, डोक्यातली होडी उतरवली. तीही किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. नाव घालताना मी बोट नेहमी वाळूवरच बघतो ना.

१२ ऑक्टोबर

होडीची खालची बाजू खरवडून पुन्हा. या वेळी पाणी आणि होडी एकाच बैठकीत, दोन्ही ओले असताना. कडेवरून कोरडा चपटा ब्रश हलक्या हाताने ओढायचा, म्हणजे दोन रंग एकमेकांत जरा घुसतात. पहिल्या वेळी हात थरथरला. इतकी वर्षं जे टाळलं तेच मुद्दाम करायचं.

तीन ठिकाणी कड जास्त मोडली, तिथे होडी बुडायलाच लागली. थोडी परत आणली. सहा तास.

नंतर फोनने दोन्ही चित्रांचे काळे-पांढरे फोटो काढून शेजारी ठेवले. माझा समुद्र मूळापेक्षा भलताच उजळ होता. मी रंग जुळवत होतो, गडदपणा नाही. होमर बहामाला १८८४-८५ मध्ये गेला होता, पुन्हा १८९८-९९ च्या हिवाळ्यात, आणि तिथल्या जलरंगांतल्या अभ्यासावरून हे चित्र उभं राहिलं. माझ्या खिडकीतला समुद्र त्या दिवसांत शापोरा नदीच्या गढूळ पाण्याने तपकिरी. नकळत ब्रश तिकडेच वळत होता. अल्ट्रामरीन आणि अंबरचा पातळ थर सगळ्या समुद्रावर फिरवला. आता थरात तेल जास्त, टर्पेंटाइन कमी.

होडीच्या पोटातला काळा चौकोनही असाच अल्ट्रामरीन आणि अंबर मिसळून केला. ट्यूबमधला काळा सरळ लावला तर भोक पडल्यासारखा दिसतो, शिवाय वाळायला फार वेळ घेतो.

९ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न उरकलं. अंगणातल्या उसाचं एक कांडं आणून समोर ठेवलं आणि बघून चित्रातला ऊस रंगवला. पेरं, डोळे, पांढरी भुकटी, सगळं. चूक. होडीवर पडलेला ऊस म्हणजे मोजके फटकारे आहेत आणि माझा ऊस बाजारात विकायला काढल्यासारखा. पुसला. कांडं खाऊन टाकलं.

माणूस तीन वेळा केला. पहिल्यांदा दोन बोटांएवढ्या डोक्यात डोळ्यांचं पांढरं, पापण्या, ओठ, काहीच सोडलं नाही. तो घाबरलेला दिसायला लागला. बायको म्हणाली, "याला कोणीतरी वाचवा." मूळ चित्रातला माणूस घाबरलेला नाही. तो मोऱ्यांकडे बघत नाही, जहाजाकडे बघत नाही, आपल्याकडेही बघत नाही. उजवीकडे कुठेतरी बघतो. डोळे नीट दिसतच नाहीत, मान कशी वळली आहे त्यावरच सगळं आहे.

तिसऱ्या वेळी दोन्ही चित्रं उलटी केली, पाय वर. मग तो माणूस उरला नाही. एक गडद ठिपका, एक तांबूस, खांद्यावर एक थंड निळसर उजेड. कातडीसाठी बर्न्ट सिएना, अंबर, सावलीत अल्ट्रामरीन. सरळ करून बघितलं तर मान बरोबर. चेहरा नाही, पण मान बरोबर.

१६ नोव्हेंबर

मोऱ्या. पाठीवरचा ओला उजेड एकाच फटक्यात यायला हवा, दुसरा फटका मारला की रबर. पाण्यातले लाल ठिपके फार कमी आहेत, मोजून घातले. क्रिमसनचा एक फटका जास्त झाला, तो लगेच फडक्याने टिपला. एवढंच.

३० नोव्हेंबर

नाव. या दिवसाची मी जूनपासून वाट बघत होतो. होडीच्या मागच्या फळीवर रोमन अक्षरांत नाव आणि गाव आहे, 'अ‍ॅना' आणि 'की वेस्ट'. हात टेकवायची काठी काढली, बारीक लांब केसांचा जुना ब्रश काढला. २० मिनिटं. प्रत्येक अक्षराची जाडी सारखी, अंतर सारखं. इतकं सरळ नाव मी शापोऱ्यालाही कमी वेळा घातलंय.

मागे सरकलो आणि चित्रात नाव सोडून दुसरं काही दिसेना. मोऱ्या गेल्या, माणूस गेला, वादळ गेलं. मूळ चित्रात ते नाव शोधावं लागतं.

पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. मग कोरड्या ब्रशने, फळीच्या दिशेने, अक्षरांवरून ओढलं. एकदा. अर्धं नाव फळीत गेलं. दुसऱ्यांदा ओढायची हिंमत झाली नाही आणि गरजही नव्हती.

१४ डिसेंबर

खर्च एकदा लिहून टाकतो. चुकीचा कॅनव्हास ९५०, फ्रेम ८००, कापड ६५०, जेसो ५४०, रंग १,९८०, ब्रश ७२०, जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन ६१०, दोन्ही प्रिंटा २४०. एकूण ६,४९० रुपये. तास साधारण ९०, त्यातले निदान २५ खरवडण्यात आणि पुन्हा करण्यात गेले. पावसाळ्यात सुरू करू नका असं म्हणणार होतो, पण मग मला वेळच मिळाला नसता. सुरू करा, भिंतीला टेकवू नका.

व्हार्निश इतक्यात नाही. किमान सहा महिने थांबायचं, म्हणजे जून, म्हणजे पुन्हा तीच हवा. मेच्या शेवटी, पाऊस यायच्या आत करीन. फ्रेमच्या मागे तारीख लिहून ठेवली आहे.

क्षितिजावरचं जहाज शेवटी ठेवलं होतं. होमरनेही ते नंतर घातलं. १९०० मध्ये फिलाडेल्फियात चित्र दाखवून झाल्यावरही तो त्यावर काम करत होता, आणि म्युझियमने ते १९०६ मध्ये घेतलं. लोक त्याला विचारायचे की या माणसाचं पुढे काय होतं, आणि त्याने वैतागून कळवलं होतं की हो, तो वाचतो, घरी पोहोचतो. मला ते जहाज दोन-तीन फटक्यांत, धुक्यातलं, घालायचं होतं. सकाळी घातलं. कड कुठेच नाही, माझं मलाच बरं वाटलं.

संध्याकाळी मामा आले. या वेळी होडीबद्दल काही बोलले नाहीत, पाण्याबद्दलही नाही, म्हणजे चालतंय. खूप वेळ उभे राहिले. मग डाव्या कोपऱ्याकडे वाकले.

"हे जहाज त्याला न्यायला येतंय?"

"असं म्हणतात."

"शिडं कुठल्या बाजूला फुगवलीस बघ. आणि तुझ्या लाटा कुठल्या वाऱ्याच्या आहेत. हे जातंय."

ते गेल्यावर मूळ चित्र परत मोठं करून बघितलं. तेवढ्या लहान आकारात शिडाची बाजू मला ठरवता येईना. माझं जहाज अजून ओलं होतं. फडक्याच्या टोकाने पुसलं, दिवा जवळ ओढला आणि पुन्हा घातलं.